रिपोर्ट बनवला, पण बघणार कोण? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वेबसाइट अ‍ॅनालिटिक्सवर, म्हणजे साइटवर लोक कुठून येतात आणि काय करतात ते मोजण्यावर, लिहिलं होतं, त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा सूर एकच, की रिपोर्ट ढिगाने येतात पण हवं ते सापडत नाही. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, निवडक घेतलेत, थोडे काटछाट करून.

ताई, नौपाड्यात आमचा फराळाचा घरगुती व्यवसाय आहे, आता वेबसाइटवरून ऑर्डर घेतो, परदेशातही पाठवतो. ज्यांनी साइट बनवली ते दर महिन्याला जाडजूड पीडीएफ पाठवतात, रंगीत गोल चार्ट, जगाचा नकाशा, काय काय असतं त्यात. सासरे एकच विचारतात, ऑर्डर नक्की येतात कुठून गं? ते त्या पीडीएफमध्ये कुठेच नाही. मला स्वतःला रिपोर्ट बनवता येईल का? बीकॉम आहे, एक्सेल चांगलं येतं.

येईल, आणि एक्सेलमध्ये पिव्होट टेबल केलं असेल तर तुम्हाला निम्मं आत्ताच येतंय असं समजा. सासऱ्यांचा प्रश्न त्या अख्ख्या पीडीएफपेक्षा चांगला आहे हे त्यांना माझ्यातर्फे नक्की सांगा. मी कुठल्याही आकड्याला रिपोर्टमध्ये घेण्याआधी एकच विचारते, हा निम्म्यावर आला तर आपण सोमवारी काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर तो आकडा बाहेर. जगाचा नकाशा याच परीक्षेत नापास होतो. ऑर्डर कुठून येतात हे मात्र पास, कारण त्यावर तुम्ही पैसे कुठे लावायचे ते ठरवणार.

आधी एक काम करा, अ‍ॅनालिटिक्सचं अकाउंट कुणाच्या जीमेलवर आहे ते विचारा. एजन्सीच्या असेल तर स्वतःला अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस घ्या, त्यांना हवं तर एडिटर ठेवा. दुकान तुमचं आणि गल्ला दुसऱ्याकडे असं नको.

आता रिपोर्ट. जीए-फोरमध्ये, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्सचं आत्ताचं जे रूप आहे त्यात, तीन जागी रिपोर्ट बनतो आणि लोक इथेच गोंधळतात. एक म्हणजे लायब्ररी, तिथे तयार रिपोर्ट कापून-जोडून नवा करायचा आणि डावीकडच्या मेन्यूत लावायचा, तो मग सगळ्यांना दिसतो. दुसरं एक्स्प्लोर, ही तुमची खाजगी पाटी, हवं ते मांडून बघा, दुसऱ्याला शेअर केलं तरी त्याला फक्त बघता येतं. तिसरं लुकर स्टुडिओ, ज्याला २०२२ पर्यंत डेटा स्टुडिओ म्हणायचे, ते वेगळं आणि फुकट आहे, त्यात डॅशबोर्ड, म्हणजे महत्त्वाचे आकडे एकत्र दाखवणारं पान, बनवून लिंक पाठवता येते. सासऱ्यांना लिंक द्यायची तर तिसरं, पण सुरुवात एक्स्प्लोरपासून करा कारण तिथे चुकलं तरी काही बिघडत नाही.

एक्स्प्लोरमध्ये फ्री फॉर्म उघडा. रोजमध्ये, म्हणजे आडव्या ओळींच्या जागी, सेशन सोर्स / मीडियम (माणूस कुठून आणि कुठल्या प्रकारच्या वाटेने आला) टाका, आणि व्हॅल्यूजमध्ये, म्हणजे आकड्यांच्या जागी, सेशन्स (साइटला दिलेल्या भेटी), ई-कॉमर्स पर्चेसेस (ऑर्डरी) आणि पर्चेस रेव्हेन्यू (त्यांचे पैसे). बस. लगेच दिसेल की गूगलवरून किती, इन्स्टावरून किती, आणि सगळ्यात वर बहुधा डायरेक्ट / नन बसलेलं असेल. ते बघून खूश होऊ नका की लोक आपला पत्ता पाठ करून टाइप करतायत. व्हॉट्सअ‍ॅपमधून लिंक दाबून आलेला माणूस कुठून आला हे सहसा कळतच नाही, तो डायरेक्टमध्येच पडतो. आणि फराळाचा धंदा चालतो कशावर, तर सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेच्या ग्रुपवर!

म्हणून ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएमची शेपटी लावा, म्हणजे लिंक कुठे टाकली होती ते सांगणारे शब्द तिच्या शेवटी जोडा. सोर्स व्हॉट्सअ‍ॅप, मीडियम सोशल, कॅम्पेन दिवाळी आणि साल. हे सगळं इंग्रजी लहान लिपीत लिहा आणि कायम तसंच लिहा, कारण मोठा डब्ल्यू आणि लहान डब्ल्यू अ‍ॅनालिटिक्सला दोन वेगळे सोर्स वाटतात आणि टेबलात दोन ओळी होतात. मीडियममध्येही मनाला येईल ते टाकू नका. ‘सोशल’ टाकलं तर तो ट्रॅफिक ऑरगॅनिक सोशलच्या (सोशल मीडियावरून, जाहिरातीशिवाय आलेल्यांच्या) खात्यात जातो, ‘ब्रॉडकास्ट’ वगैरे टाकलं तर जीए-फोरला ते ओळखू येईलच असं नाही, आणि नाही आलं तर अनअसाइन्ड नावाची एक ओळ फुगत बसते. अमेरिकेतल्या भाचीने तिकडच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायची लिंक वेगळ्या कॅम्पेनच्या नावाने द्या, म्हणजे तिच्यामुळे किती डबे गेले ते कळेल (आणि तिला एक डबा फुकट द्यायचा की दोन तेही).

आता तुमच्या धंद्याची खरी मेख. मागच्या वर्षीशी तुलना. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी केली की गडबड झालीच म्हणून समजा, कारण दिवाळी सरकते. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे परत ८ नोव्हेंबरला. अधिक महिना गूगलला कुठून कळणार! कंपेअरमध्ये ‘मागील वर्ष’ न निवडता कस्टम तारखा द्या, लक्ष्मीपूजनाच्या आधीचे पस्तीस दिवस विरुद्ध गेल्या लक्ष्मीपूजनाच्या आधीचे पस्तीस दिवस. एजन्सीच्या पीडीएफमध्ये ‘ऑक्टोबरमध्ये विक्री घटली’ असं लाल बाणाने येईल तेव्हा घाबरू नका, कॅलेंडर बघा.

आणि हे आजच्या आज करा, उद्यावर टाकू नका: अ‍ॅडमिनमध्ये डेटा रिटेन्शन (डेटा किती काळ ठेवायचा) नावाची सेटिंग आहे, ती मुळात २ महिन्यांवर असते, ती १४ महिन्यांवर न्या. फुकटच्या आवृत्तीत त्याच्यावर जात नाही. तयार रिपोर्टांना याचा फरक पडत नाही पण एक्स्प्लोरला पडतो, दोन महिन्यांवर राहिलं तर गेल्या दिवाळीचं तिथे काहीच दिसणार नाही, आणि एकदा पुसलेलं परत येत नाही. सोबत प्रॉपर्टीचा (तिथल्या तुमच्या साइटच्या खात्याचा) टाइमझोन भारताचा आणि करन्सी रुपया आहे ना तेही बघून घ्या, टाइमझोन अमेरिकेचा राहिला असेल तर इथल्या सकाळच्या ऑर्डरी आदल्या दिवशी पडतात.

मॅडम, रबाळे एमआयडीसीत आमचं व्हॉल्व्ह बनवण्याचं युनिट आहे. ऑनलाइन विक्री नाही, चौकशा येतात, फॉर्मवरून, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर. अ‍ॅनालिटिक्समध्ये सेशन दिसतात, चौकशा दिसत नाहीत. पार्टनर म्हणतो वेबसाइटवर खर्च बंद करू. त्याला काय दाखवू?

दाखवायच्या आधी मोजायला लागेल, आत्ता तुमच्याकडे चौकशी मोजलीच जात नाहीये. रिपोर्टात जे घालायचं ते आधी इव्हेंट म्हणून, म्हणजे पाहुण्याने साइटवर केलेल्या एका कृतीची नोंद म्हणून, यायला हवं, हे लोक विसरतात आणि डॅशबोर्डच्या रंगावर वेळ घालवतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं सोपं आहे. एन्हान्स्ड मेझरमेंट नावाची जीए-फोरमधली सेटिंग चालू असेल तर बाहेरच्या साइटवर नेणाऱ्या लिंकवरचा क्लिक आपोआप नोंदला जातो, व्हॉट्सअ‍ॅपचं बटणही त्यातच येतं. तुम्ही नवा इव्हेंट बनवायचा, अट अशी की इव्हेंटचं नाव क्लिक आणि लिंक डोमेन व्हॉट्सअ‍ॅपचं, मग त्याला की इव्हेंट, म्हणजे धंद्यासाठी महत्त्वाचा इव्हेंट, करून टाकायचं. २०२४ च्या आधी याला कन्व्हर्जन म्हणायचे, जुने व्हिडिओ बघताना लक्षात ठेवा. फोन नंबरवरच्या टॅपचं मात्र आपोआप होत नाही, त्याला टॅग मॅनेजरमध्ये (साइटवर मोजणीचे कोड लावायचं गूगलचं साधन) ट्रिगर लावावा लागतो, ‘टेल’ने सुरू होणारी लिंक दाबली की इव्हेंट पाठव असा. तुमच्या वेबसाइटवाल्याला अर्ध्या तासाचं काम आहे, चार हजार मागितले तर माझ्याशी बोला.

फॉर्मसाठी सबमिट झाल्यावर एक वेगळं धन्यवादाचं पान उघडू दे, ते पान बघितलं की चौकशी धरायची. पण इथे एक जपा: काही फॉर्म त्या पानाच्या पत्त्यातच माणसाचं नाव, मोबाइल आणि मेल चिकटवून पाठवतात, ते तसंच अ‍ॅनालिटिक्समध्ये जातं. गूगलच्या नियमात ते चालत नाही, आणि गिऱ्हाइकाचा नंबर असा उघडा पडणं बरंही नाही. एकदा स्वतः फॉर्म भरून बघा आणि वरच्या अ‍ॅड्रेस बारकडे नीट नजर टाका.

दुसरं, लहान कंपन्यांच्या साइटवर सगळ्यात निष्ठावान पाहुणे म्हणजे स्वतःचे लोक. सेल्सचा माणूस कोटेशन करताना दिवसात पाच वेळा कॅटलॉग उघडतो. ऑफिसचा आयपी (इंटरनेट कनेक्शनचा नंबर) स्थिर असेल तर तो इंटर्नल ट्रॅफिकमध्ये टाका. आणि मग डेटा फिल्टर्समध्ये जाऊन तो फिल्टर टेस्टिंगवरून अ‍ॅक्टिव्ह करा. ही दुसरी पायरी हमखास राहते, फिल्टर वर्षभर टेस्टिंगमध्येच झोपलेला असतो. फक्त अ‍ॅक्टिव्ह केल्यावर तो डेटा कायमचा वगळला जातो, तेव्हा आयपी बरोबर आहे याची आधी खात्री करा.

आता पार्टनर. त्याला सेशन दाखवू नका हो, तो बरोबरच वैतागतो. तुमच्याकडे चौकशीपासून पीओ (परचेस ऑर्डर) हातात यायला महिने जातात, ते अ‍ॅनालिटिक्सला कधीच दिसणार नाही. म्हणून एक गूगल शीट ठेवा, तारीख, कंपनी, चौकशी कुठून आली, कोटेशन किती रुपयांचं, ऑर्डर मिळाली का. फोन उचलणाऱ्याने ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ एवढं विचारायचं. ती शीट लुकर स्टुडिओला थेट जोडता येते. एकाच पानावर वर महिन्याच्या वेबसाइटवरच्या चौकशा, त्याखाली त्यातून गेलेली कोटेशनं आणि मिळालेल्या ऑर्डरी, रुपयांत. रुपये दिसले की पार्टनर वाचतो.

मी ऐरोलीतल्या एका कंपनीत इंटर्न आहे. सरांनी सांगितलं, वेबसाइटचा डॅशबोर्ड बनव. मी लुकर स्टुडिओत तयार टेम्पलेट घेऊन सहा पानं बनवली, छान दिसतात, पण सर म्हणाले ‘ठीक आहे’ आणि नंतर उघडलंच नाही. माझं काय चुकलं?

अगं, तुझं काही चुकलं नाही, तुला प्रश्नच दिला नव्हता. ‘डॅशबोर्ड बनव’ हे काम नसतं, कुणाला काय ठरवायचंय ते काम असतं. सरांकडे दहा मिनिटं माग आणि विचार की वेबसाइटबद्दल तुम्ही शेवटचा निर्णय कुठला घेतला होता आणि तेव्हा काय माहीत असतं तर बरं झालं असतं. यावर ते जे बोलतील तेच तुझं पहिलं पान, बाकीची पाच पानं डिलीट न करता मागे ठेव, कुणी मागितली तर देऊ.

त्या एका पानावर वर डावीकडे सगळ्यात महत्त्वाचा आकडा, त्याच्या बाजूला आधीच्या काळाच्या तुलनेत किती फरक. खाली एक रेषेचा चार्ट, त्याखाली एक टेबल. गोल पाय चार्ट काढून टाक, सात रंगांच्या फाकांमध्ये मोठी कुठली हे डोळ्याला कळत नाही, साधे आडवे बार चालतात. स्पीडोमीटरसारखं ते गेज तर बिलकुल नको. आणि प्रत्येक चार्टचं शीर्षक प्रश्नात लिही, ‘सेशन्स बाय चॅनल’ ऐवजी ‘लोक कुठून येतात?’. बाउन्स रेट टाकला असशील तर आधी स्वतः समजून घे: जीए-फोरमध्ये सेशन १० सेकंदांपेक्षा जास्त चाललं, किंवा दोन पानं बघितली, किंवा की इव्हेंट झाला तर ते एंगेज्ड, आणि उरलेलं ते बाउन्स. जुन्या अ‍ॅनालिटिक्समधल्या बाउन्सशी याची तुलना होत नाही, आणि सर नेमकं तेच विचारतील.

सर स्वतः उघडणार नाहीत हे धरून चाल. शेड्यूल करून दर सोमवारी सकाळी त्या पानाची पीडीएफ त्यांच्या मेलवर जाऊ दे, आणि मेलच्या मजकुरात तू दोन ओळी लिही, काय बदललं आणि तुझ्या मते का. लोक त्या दोन ओळी वाचतात गं, चार्ट नंतर बघतात.

एक महत्त्वाचं, डेटा सोर्स कुणाच्या क्रेडेन्शियल्सवर, म्हणजे लॉगिनवर, आहे बघ. आत्ता तुझ्या असणार. तुझी इंटर्नशिप संपून तुझा मेल बंद झाला की त्या दिवशी डॅशबोर्डवर सगळीकडे एरर, आणि नाव तुझं खराब. निघायच्या आधी मालकी कंपनीच्या कायम असलेल्या अकाउंटवर करून दे.

खारघरला आमचे क्लासेस आहेत. जीए-फोरच्या रिपोर्टात महिन्याचे युजर्स एक, एक्स्प्लोरमध्ये वेगळे, आणि मी रोजचे युजर्स एक्सेलमध्ये बेरीज केले तर तिसरंच काही. कुठला आकडा खरा?

एक्सेलची बेरीज आधी रद्द करा. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर बघा, दूधवाला महिनाभर रोज येतो, नोंदी तीस, माणूस एक. रोजचे युजर्स मिळवले की तुम्ही दूधवाल्याला तीसदा मोजता. सेशन्सची बेरीज चालते, युजर्सची नाही.

रिपोर्ट आणि एक्स्प्लोरमधल्या फरकाला कारणं बरीच. तयार रिपोर्टात ‘युजर्स’ म्हणजे अ‍ॅक्टिव्ह युजर्स, एक्स्प्लोरमध्ये तुम्ही टोटल युजर्स ओढलं असेल तर आकडा वेगळा येणारच. गेल्या एक-दोन दिवसांचा डेटा अजून पूर्ण शिजलेला नसतो, २४ ते ४८ तास लागतात, म्हणून मी कालचा दिवस रिपोर्टात घेतच नाही. युजर्स थोडे असतील तर माणूस ओळखू येऊ नये म्हणून कधीकधी काही ओळी लपवल्या जातात, वर छोटं चिन्ह येतं त्यावर बोट ठेवलं की सांगतं. सॅम्पलिंगची, म्हणजे सगळ्या डेटाऐवजी नमुन्यावरून अंदाज बांधला जाण्याची, भीती तुम्हाला नाही, ते एका क्वेरीत १ कोटीच्या वर इव्हेंट गेले की होतं, क्लासेसच्या साइटला तेवढे यायला दहावी-बारावीचे सगळेच्या सगळे तुमच्याकडे यावे लागतील.

एक जागा ठरवा, तिथलाच आकडा दर महिन्याला घ्या, आणि तो कुठून घेतला ते शीटच्या वर लिहून ठेवा.

नेरुळहून मराठी साइट चालवतो, लेख, स्थानिक बातम्या. पेजेसच्या रिपोर्टात माझे लेख दिसतच नाहीत, नुसती टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांच्या लांबच लांब माळा. कुठला लेख चालला ते कळायला मला एकेक कॉपी करून ब्राउझरमध्ये उघडावं लागतं!

हे दुखणं खास आपलं, इंग्रजी साइटवाल्यांना पत्ताच नसतो. तुम्ही लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवलाय. ब्राउझरमध्ये तो सुंदर दिसतो, पण पाठवताना एकेका देवनागरी खुणेची नऊ इंग्रजी चिन्हं होतात, काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते. म्हणजे ‘पाणी’ या चार खुणांची झाली छत्तीस चिन्हं. मोठा मथळा पत्त्यात गेला की माळ होणारच.

लगेचचा उपाय, एक्स्प्लोरमध्ये पेज पाथच्या जागी पेज टायटल घ्या, ते देवनागरीतच येतं. अडचण एवढीच की मथळा नंतर बदलला तर एका लेखाच्या दोन ओळी होतात, आणि बातम्यांत मथळे बदलतातच. कायमचा उपाय म्हणजे यापुढचे पत्ते छोट्या रोमन अक्षरांत ठेवा. जुने बदलायला जाऊ नका, रीडायरेक्टची (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवण्याची) भानगड नीट नाही झाली तर गूगलवरून येणारे वाचक जातील.

तुमच्यासाठी खरी मजा कस्टम डायमेन्शनमध्ये, म्हणजे टेबलासाठी आपण स्वतः बनवलेल्या रकान्यात, आहे. लेखाबरोबर लेखकाचं नाव, विभाग आणि प्रसिद्धीची तारीख इव्हेंट पॅरामीटर (इव्हेंटला जोडलेली माहिती) म्हणून पाठवा आणि अ‍ॅडमिनमध्ये त्यांची नोंद करा. मग ‘पाणीपुरवठा’ विभागावर लोक किती थांबतात आणि ‘राजकारण’वर किती हे एका टेबलात बघता येतं. फुकटच्या आवृत्तीत अशी ५० इव्हेंटवाली डायमेन्शन्स मिळतात, तीनच्या वर करू नका तरी. लेखाचा युनिक नंबर यात घालायचा मोह टाळा, दिवसाला पाचशेच्या वर वेगवेगळे नंबर झाले की उरलेले ‘अदर’ नावाच्या एका ओळीत कोंबले जाऊ शकतात. आणि नोंद केल्यानंतरचंच दिसतं, मागचं भरून येत नाही, तेव्हा हा अंक बाजूला ठेवून आधी ते करा.

वाशीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये डॅशबोर्ड मोठ्या स्क्रीनवर उघडला की अर्ध्या चार्टवर कोटा संपल्याचा एरर येतो. पैसे भरावे लागतील का?

लगेच नाही. लुकर स्टुडिओ दर वेळी जीए-फोरला विचारायला जातो आणि त्याला तासाची, दिवसाची मर्यादा आहे, वीस चार्ट एका पानावर आणि पाच जणांनी एकदम उघडलं की संपते. चार्ट कमी करा, हा पहिला इलाज आणि बहुतेकदा पुरतो. नाहीतर एक्स्ट्रॅक्ट डेटा वापरा, म्हणजे रोज एकदा डेटा काढून ठेवायचा आणि डॅशबोर्ड त्या साठवलेल्या प्रतीवर चालवायचा. त्याला १०० एमबीची मर्यादा आहे, तुमच्यासारख्यांना भरपूर झाली. त्याच्याही पुढे जायचं तर बिगक्वेरीत (गूगलचं मोठं डेटा कोठार) एक्स्पोर्ट चालू करा, पण त्यासाठी एसक्यूएल, म्हणजे डेटाला प्रश्न विचारायची भाषा, लिहिणारं कुणीतरी हवं ऑफिसात.

घोडबंदर रोडला माझं डान्स स्टुडिओ आहे. सगळे विद्यार्थी ठाण्याचे, पण रिपोर्टात शहर मुंबई दाखवतं. जाहिरात चुकीच्या ठिकाणी जातेय का?

जाहिरातीचा याच्याशी संबंध नाही. अ‍ॅनालिटिक्स शहराचा अंदाज आयपीवरून बांधतं, आणि मोबाइल डेटावरचा कासारवडवलीचा माणूस बऱ्याचदा मुंबईत मोजला जातो. शहराच्या कॉलमवरून काही ठरवू नका. त्यापेक्षा चौकशीच्या फॉर्ममध्ये ‘एरिया’चा ड्रॉपडाउन टाका, कासारवडवली, मानपाडा, वाघबीळ, माजिवडा असा, आणि निवडलेला एरिया इव्हेंटबरोबर पाठवून त्यावर टेबल करा. जाहिरात कुठे दाखवली गेली ते जाहिरातीच्या अकाउंटमध्येच लोकेशनच्या रिपोर्टात बघा, आणि टार्गेटिंगमध्ये ‘या भागात रस असलेले लोक’ यावर टिक केलेली असेल तर काढून फक्त या भागात असलेले ठेवा, नाहीतर नागपूरचा माणूसही तुमची जाहिरात बघत बसेल.